बांधकाम साहित्याच्या दुकानाला पार्किंग किती लागेल, हे आधीच कसं काढायचं

बांधकाम साहित्याच्या दुकानाचा नकाशा तयार होतो तेव्हा पार्किंगचे चौकोन बहुधा सगळ्यात शेवटी काढले जातात. शोरूम बसलं, गोदाम बसलं, सळयांचे रॅक बसले, मग उरलेल्या जागेत नियमाला पुरतील तेवढे चौकोन. कागदावर हे निभावतं. दुकान सुरू झाल्यावर मात्र असं दिसतं की कारचे निम्मे चौकोन रिकामे आहेत आणि गेट तुंबलंय, कारण सहा मीटरचे पाइप घेतलेली पिकअप त्यातल्या एकाही चौकोनात मावत नाही आणि तिच्यामागे सिमेंटचा ट्रक ताटकळतोय.

या धंद्यात कुठल्या प्रकारची गाडी, मालासकट किती लांब, कुठे आणि किती मिनिटं उभी राहणार, या चार गोष्टी माहीत असल्याशिवाय गाड्यांच्या आकड्याला अर्थ येत नाही. त्या काढायच्या कशा आणि त्यांच्यापासून जागेपर्यंत कसं पोचायचं, ते इथे क्रमाने दिलं आहे.

नियमातला आकडा आधी काढा, पण तिथे थांबू नका

बहुतेक ठिकाणी स्थानिक प्राधिकरणाचा नियम बांधीव क्षेत्रफळावर चालतो: दुकानाच्या अमुक चौरस मीटरमागे एक गाडी, गोदामाच्या तमुक चौरस मीटरमागे एक. म्हणून पहिला प्रश्न हा की तुमचा प्रकल्प कुठल्या वर्गात धरला जाणार. किरकोळ दुकान धरलं तर आकडा मोठा येतो, गोदाम धरलं तर लहान, आणि दोन्ही मिळून धरलं तर प्रत्येक भागाचं वेगळं क्षेत्रफळ द्यावं लागतं. हे तोंडी विचारून भागत नाही, लेखी घ्या. नकाशा सादर झाल्यावर वर्ग बदलला तर सगळी मांडणी पुन्हा करावी लागते.

दुसरी गोष्ट उघड्या यार्डाची. वाळू, विटा, सळया, पाइप ठेवायची मोकळी जागा बऱ्याच नियमांत बांधीव क्षेत्रात मोडत नाही, त्यामुळे तिच्यासाठी एकाही गाडीची तरतूद होत नाही. पण सगळ्यात लांब आणि सगळ्यात जास्त वेळ थांबणाऱ्या गाड्या नेमक्या तिथेच उभ्या राहतात.

अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ ट्रान्सपोर्टेशन इंजिनिअर्स या संस्थेच्या वर्गवारीत बांधकाम साहित्य आणि लाकडाच्या दुकानाला ८१२ हा क्रमांक आहे आणि घरदुरुस्तीच्या मोठ्या स्टोअरला ८६२. बाहेरून दोन्ही सारखीच वाटतात, पण पहिल्यात ठेकेदार जास्त आणि दुसऱ्यात घरमालक जास्त, म्हणून येण्याच्या वेळाही वेगळ्या आणि गाड्याही वेगळ्या. कुठलाही तयार सरासरी आकडा घेताना आधी हे बघा की तो कुठल्या प्रकारच्या दुकानांवरून काढलाय. जिथे बहुतेक ग्राहक कारने येतात तिथला आकडा, जिथे निम्मे दुचाकीवर येतात आणि माल घरपोच मागवतात तिथे लावला, तर कारचे चौकोन वाया जातील आणि माल पोचवणाऱ्या गाड्यांना जागा उरणार नाही.

येणारे कोण कोण

कागदावर पाच रांगा पाडा.

पहिले काउंटरचे ग्राहक: प्लंबर, इलेक्ट्रिशियन, सुतार, रंगारी. हातात मावेल तेवढा माल, दहा-वीस मिनिटांचं काम, दिवसातून दोनदाही येतील. दुसरे घरमालक. टाइल्स, नळ, दरवाजे निवडायला येतात, बरोबर घरची दोन-तीन माणसं असतात आणि अर्ध्या तासाच्या आत हलत नाहीत. तिसरे माल भरून नेणारे ठेकेदार. त्यांचा मुक्काम दोन ठिकाणी होतो: आधी काउंटरवर बिल करायला, मग यार्डात माल चढवायला. हे दोन मुक्काम हिशोबात वेगळे धरलेच पाहिजेत. चौथे पुरवठादारांचे ट्रक. पाचवे तुमचे स्वतःचे: कर्मचारी आणि डिलिव्हरीच्या गाड्या.

डिलिव्हरीच्या गाड्या हमखास विसरल्या जातात, कारण दुपारी त्या बाहेर असतात आणि जागा पाहायला येणारा माणूस दुपारीच येतो. रात्री त्या सगळ्या आवारात असतात, आणि सकाळी त्या भरण्याची वेळ व ठेकेदारांच्या गर्दीची वेळ एकच असते.

चालू दुकानांवर मोजणी

आपल्यासारखी दोन-तीन दुकानं निवडून, परवानगी घेऊन, तिथे मोजणी करणं हा सगळ्यात भरवशाचा मार्ग. ‘आपल्यासारखं’ म्हणजे तेवढ्याच चौरस मीटरचं असा अर्थ नाही. मालाचं मिश्रण तेच हवं, घरपोच विक्रीचा वाटा जवळपास तेवढाच हवा, आणि आजूबाजूला बांधकामांची वर्दळ तशीच हवी. फक्त टाइल्स आणि सॅनिटरी विकणाऱ्या दुकानावरून सळई-सिमेंटच्या दुकानाचा अंदाज निघत नाही.

कमीत कमी दोन दिवस घ्या: ठेकेदारांच्या गर्दीचा एक कामाचा दिवस आणि घरमालकांच्या गर्दीचा एक सुट्टीचा दिवस. पावसाचा, सणाचा किंवा रस्ता बंद असलेला दिवस नको. बांधकामाचा हंगाम मंदीचा असेल तर त्या दुकानाच्या बिलांचा महिनावार आकडा मागून घ्या आणि त्या प्रमाणात मोजणी वाढवा.

दोन प्रकारची नोंद लागते. पहिली, दर १५ मिनिटांनी आवारात एक फेरी मारून उभ्या असलेल्या गाड्यांची प्रकारवार गणती: दुचाकी, कार, पिकअप-टेम्पो, ट्रक, मागे ट्रेलर असलेली गाडी. रस्त्यावर लावलेल्याही मोजा. आवार भरल्यामुळे बाहेर थांबलेली गाडी ही तुमच्या हिशोबातली सगळ्यात महत्त्वाची गाडी आहे. दुसरी, गेटवर बसून नंबरप्लेटचे शेवटचे चार आकडे आणि येण्या-जाण्याची वेळ. यावरून प्रत्येक प्रकाराचा सरासरी मुक्काम निघतो.

माल भरणाऱ्या गाड्यांसाठी आणखी दोन वेळा टिपा: यार्डात गाडी उभी राहिली ती वेळ, आणि फोर्कलिफ्ट किंवा हमालांनी पहिला माल उचलला ती वेळ. या दोहोंमधलं अंतर म्हणजे निव्वळ ताटकळणं. यार्डातल्या एकूण मुक्कामाचा मोठा हिस्सा अनेकदा या ताटकळण्याचाच असतो, आणि जागा वाचवायची खरी संधी तिथेच सापडते.

बिलांच्या संख्येवरून अंदाज करायचा असेल तर एक दुरुस्ती लक्षात ठेवा. बिलं आणि गाड्या सारख्या नसतात. भाव विचारून परत जाणारे, माल बदलायला आलेले, घरपोच ऑर्डर द्यायला आलेले, हे सगळे जागा अडवतात. उलट एका ठेकेदाराची दोन साइटची दोन बिलं एकाच फेरीत होतात. गेटवरच्या नोंदीतल्या गाड्यांना त्याच दिवसाच्या बिलांनी भागा आणि ते प्रमाण तुमच्या अंदाजित बिलांना लावा.

गणित

सूत्र साधं आहे. एका तासात येणाऱ्या गाड्या गुणिले सरासरी मुक्काम (तासात) म्हणजे एका वेळी सरासरी उभ्या असणाऱ्या गाड्या. तासाला १२ गाड्या आणि मुक्काम अर्धा तास, तर सरासरी ६.

पण ६ चौकोन ठेवले तर साधारण निम्मा वेळ कमी पडतील, कारण गाड्या सारख्या अंतराने येत नाहीत. एकमेकांशी संबंध नसलेल्या गाड्या आपापल्या वेळेने येत असतील तर सरासरीत तिच्या वर्गमुळाची १.६५ पट मिळवा. तेवढ्या जागा साधारण ९५ टक्के वेळा पुरतात. ६ चं वर्गमूळ २.४५, त्याची १.६५ पट जवळपास ४, म्हणजे १० जागा. नंतर या आकड्याला ०.९ ने भागा. शेवटची मोकळी जागा सापडायला वेळ जातो, एखादा माणूस पट्ट्यावरच गाडी लावतो, कुठे ट्रॉली अडकलेली असते. म्हणून दहातली एक जागा नाहीच असं धरून चालावं.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. समजा शोरूम ६०० चौरस मीटर, बंद गोदाम ९००, उघडं यार्ड १,५००. गर्दीच्या दिवशी २४० गाड्या येतील असा अंदाज निघाला आणि त्यातल्या १५ टक्के सगळ्यात गर्दीच्या तासात, म्हणजे ३६. सोयीसाठी धरू की १२ दुचाकी, १२ कार, १२ पिकअप-टेम्पो.

दुचाकींचा मुक्काम १५ मिनिटं: सरासरी ३, लागतील ६, ०.९ ने भागून ७. कारचा अर्धा तास: सरासरी ६, लागतील १०, भागून १२. शिवाय अपंगांसाठी एक रुंद जागा, दाराच्या सगळ्यात जवळ. पिकअप काउंटरसमोर १५ मिनिटं: सरासरी ३, लागतील ६, भागून ७. त्याच पिकअप यार्डात २५ मिनिटं: सरासरी ५, लागतील ९. यार्डातल्या जागा कर्मचारी वाटून देतात, तिथे शोधाशोध नसते, म्हणून ०.९ ने भागायची गरज नाही.

पुरवठादारांचे ट्रक दिवसाला ८, आठ तासांत विखुरलेले, प्रत्येकी ७५ मिनिटं: सरासरी १.२५, लागतील ३. त्यातल्या दोन उतरवायच्या जागा आणि एक थांबायची. कर्मचारी १८ असले तरी गर्दीच्या पाळीत १४ हजर असतात. त्यातले ९ दुचाकीवर, ३ कारने, बाकीचे पायी किंवा बसने. पाळी बदलताना जुने गेलेले नसतात आणि नवे आलेले असतात, तो अर्धा तास वेगळा तपासा. स्वतःच्या डिलिव्हरीच्या गाड्या ३.

एकूण: कार १६ (ग्राहक १२, अपंगांसाठी १, कर्मचारी ३), दुचाकी १६, काउंटरसमोर पिकअप ७, यार्डात भरणाऱ्या ९, ट्रक ३, डिलिव्हरी ३.

आता समजा स्थानिक नियम शोरूमच्या ५० चौरस मीटरमागे एक आणि गोदामाच्या २०० मागे एक असा आहे. नियमाचा आकडा १६.५, म्हणजे १७. आपल्या कार १६. आकडे इतके जवळ आले की सगळं जमलं असं वाटतं, आणि फसगत होते ती इथेच. नियमात न आलेल्या आणखी २२ मोठ्या गाड्यांची जागा अजून बाकी आहे.

दोन इशारे. सकाळी दुकान उघडण्याआधी ठेकेदार गेटवर जमतात. त्यांचं येणं स्वतंत्र नसतं, एकदमच असतं. त्या पहिल्या अर्ध्या तासासाठी १.६५ चं सूत्र वापरू नका, मोजणीत दिसलेला सर्वांत मोठा आकडा घ्या. दुसरं, पिकअपची गर्दी सकाळी आणि कारची गर्दी सुट्टीच्या दिवशी असेल तर दोन्हींचे सर्वोच्च आकडे डोळे झाकून मिळवू नका. पिकअपच्या मोठ्या चौकोनात कार उभी राहू शकते, उलट होत नाही. म्हणून मोठे चौकोन सकाळच्या गर्दीने ठरवा आणि सुट्टीच्या दिवशी कारचा भार त्यांच्यावर टाका.

एक फोर्कलिफ्ट किती जागा वाचवते

यार्डातली ती २५ मिनिटं उलगडून बघा. समजा प्रत्यक्ष चढवायला ८ मिनिटं लागतात आणि चलन तपासणं, दोर बांधणं यात ३. उरलेली १४ मिनिटं गाडी नुसती उभी आहे.

फोर्कलिफ्ट २ असतील तर प्रत्येकी तासाला साडेसात गाड्या, मिळून १५. येतात १२. म्हणजे यंत्रं ८० टक्के वेळ कामात आहेत. कागदावर ही चांगली व्यवस्था दिसते, पण गाड्या अनियमित येतात आणि कुणाचा माल चढवायला जास्त वेळ लागतो, कुणाचा कमी. त्यामुळे एवढ्या भारावर सरासरी ताटकळणं सुमारे १४ मिनिटांचंच निघतं. तिसरी फोर्कलिफ्ट आणली की ते दोन मिनिटांच्या आत येतं. मुक्काम २५ वरून १३ मिनिटांवर, यार्डातल्या सरासरी गाड्या ५ वरून २.६ वर, आणि लागणाऱ्या जागा ९ वरून ६ वर. प्रत्येक जागेला, पुढे येणाऱ्या हिशोबाने, ६० चौरस मीटर धरले तर १८० चौरस मीटर मोकळे होतात. जमीन महाग असेल तिथे हा हिशोब नक्की करावा.

याची उलटी बाजूही पाहा. दोनच फोर्कलिफ्ट आहेत आणि गर्दीच्या तासात पुरवठादाराचा ट्रक आला. एक यंत्र त्याच्याकडे गेलं. आता उरलेलं एक तासाला साडेसात गाड्या भरतं आणि येतात बारा. तासाभरात साडेचार गाड्या जास्तीच्या साचतात, त्या यार्डाच्या तोंडाशी उभ्या राहतात, आणि त्यांच्यामुळे ट्रक उतरवून झाल्यावर बाहेर पडू शकत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला पार्किंग कमी पडल्यासारखं दिसतं. खरं कारण ट्रकची वेळ हे असतं. म्हणून पार्किंगच्या अहवालातच लिहा की पुरवठ्याचे ट्रक कुठल्या तासांत घेतले जाणार नाहीत, आणि खरेदी करणाऱ्या माणसाला ते मान्य आहे ना हे आधी विचारा.

चौकोनाचं माप मालावरून ठरवा

कारचा नेहमीचा चौकोन २.५ × ५ मीटर आणि समोरासमोरच्या रांगांमध्ये ६ मीटरची वाट. काउंटरच्या ग्राहकांना हे पुरतं. माल नेणाऱ्यांना पुरत नाही.

गाडीची रुंदी १.८ मीटर धरा. २.५ मीटरच्या चौकोनात दोन गाड्यांमध्ये उरतात ७० सेंटिमीटर, म्हणजे सिमेंटच्या गोण्यांची सपाट ट्रॉली मधून जाताना दोन्हीकडच्या दारांना घासत जाते किंवा अडकते. मग लोक काय करतात? गाडी काढून दारासमोर आणतात आणि वाटेत उभी करून भरतात. दारासमोरची कोंडी बऱ्याचदा या ७० सेंटिमीटरमुळे होते. माल नेणाऱ्यांचे चौकोन ३ × ६ मीटर करा आणि वाट ७ मीटर.

प्लायवूडची शीट २.४४ × १.२२ मीटर असते. दोन माणसं ती आडवी धरून चालतात तेव्हा दीड मीटरची मोकळी पट्टी लागते. पाइप ६ मीटरचे असतात. पिकअपचा हौदा साधारण अडीच मीटरचा, म्हणून ते टपावरून पुढे काढून तिरके बांधतात आणि मागेही मीटर-दीड मीटर बाहेर राहतात. समोरासमोरच्या दोन चौकोनांत अशा दोन गाड्या असल्या की ७ मीटरची वाट ४ मीटरवर येते. त्यात कुणी मागचा फाळका उघडला की कार जाणंही अवघड. लांब माल भरायची जागा यासाठीच चौकोनांच्या रांगेत ठेवू नये, यार्डात वाटेच्या कडेने, समांतर ठेवावी. १२ मीटरच्या सळयांचं तर बोलायलाच नको. त्या बहुतेकदा दुमडून किंवा लांब ट्रेलरवर जातात, आणि दुमडायलाही १२ मीटर सरळ मोकळी जमीन लागते. ती जमीन नकाशावर दाखवली नाही तर पुढे कुणाचा तरी चौकोन खाऊन घेतली जाते.

जिथे ग्राहक कारमागे ट्रेलर जोडून येतात तिथे ३.५ × १२ मीटरच्या आरपार जागा ठेवा, एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर. ट्रेलर मागे घेणं सगळ्यांना जमत नाही, आणि तो चौकोनात घुसवायचा प्रयत्न चालला की शेजारच्या चार जागा अडतात.

फोर्कलिफ्टने बाजूने माल चढवायचा तर गाडीच्या त्या बाजूला साडेचार मीटर मोकळे हवेत. साडेतीन मीटर रुंद आणि सात मीटर लांब गाडीची जागा अधिक ही पट्टी अधिक वाटेचा हिस्सा मिळून ६० चौरस मीटर होतात. हमालांनी हाताने भरायचं असेल तर पट्टी अर्ध्याने कमी होते, मुक्काम मात्र वाढतो. त्यामुळे एकूण जागा कमी होईलच असं नाही, पुन्हा गणित करा.

ट्रकचा रस्ता

हा भाग आधी काढा, कारचे चौकोन नंतर. ट्रकची वाट ठरली की ती सरकत नाही.

युरोपीय नियमात जोडट्रकची (पुढे ओढणारा ट्रक आणि मागे त्याला जोडलेला ट्रेलर) कमाल लांबी १६.५ मीटर आहे आणि त्याने १२.५ मीटर बाहेरच्या व ५.३ मीटर आतल्या त्रिज्येच्या कड्यात वळलं पाहिजे अशी अट आहे. आराखड्यासाठी हे माप चांगलं पडतं: आवारात २५ मीटर व्यासाचं वर्तुळ बसत असेल तर मोठी गाडी मागे न घेता फिरेल. बसत नसेल तर दोन गेट करून आरपार वाट द्या. दोन्ही शक्य नसेल तर मोठे ट्रक रस्त्यावरून उलटे आत घ्यावे लागतील, आणि बहुतेक प्राधिकरणं इथेच नकार देतात. द्यायलाच हवा, कारण मागे येणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरला ग्राहकाचं मूल दिसत नाही.

गेट रस्त्याच्या हद्दीपासून निदान एका ट्रकच्या लांबीइतकं, १८ मीटर, आत घ्या. सकाळी गेट बंद असताना आलेला पहिला ट्रक रस्त्यावर न थांबता आत थांबेल. रुंदी ७ मीटर, कमान असेल तर मोकळी उंची ४.५ मीटर. झडपा असलेलं गेट उघडताना जागा खातं, सरकतं बरं. वजनकाटा असेल तर त्याच्या आधी निदान दोन गाड्या आणि नंतर एक, अशी सरळ लांबी ठेवा. काट्यावरून उतरताच वळण आलं की गाडीची मागची चाकं काट्यावरच राहतात आणि पुढचं वजन होत नाही.

ग्राहकांची चालायची वाट आणि फोर्कलिफ्टची वाट एकमेकींना जितक्या कमी ठिकाणी छेदतील तितकं बरं. पिवळा पट्टा मारून माणसं थांबत नाहीत, कठडा लागतो.

जागेची बेरीज

उदाहरण पुढे नेऊ. वाटेच्या हिश्श्यासकट कारला २८ चौरस मीटर धरा: १६ कारचे ४४८. काउंटरसमोरच्या पिकअपला ३५: सात गाड्यांचे २४५. यार्डात ९ जागांचे ५४०. उतरवायच्या दोन ट्रकना दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांसकट प्रत्येकी १४५, म्हणजे २९०, आणि थांबणाऱ्या एका ट्रकला ५०. ट्रक फिरायचं वर्तुळ ५००. डिलिव्हरीच्या तीन गाड्या प्रत्येकी ४०, म्हणजे १२०. दुचाकी १६, प्रत्येकी ३, म्हणजे ४८. एकूण २,२४१ चौरस मीटर.

बांधकाम १,५०० चौरस मीटरचं आणि गाड्यांना २,२४१. पहिल्यांदा हे पाहणारे मालक नेहमी म्हणतात की काहीतरी चुकलंय. चुकलेलं नसतं. मालाचं यार्ड १,५०० धरून भूखंडावर ५,२०० च्या वर चौरस मीटर लागतात, सोडायची मोकळी जागा आणि झाडं वेगळी. हा आकडा भूखंड घ्यायच्या आधी हातात असावा.

नंतर जागा कशा नाहीशा होतात

सुरुवातीला पुरेसं वाटलेलं पार्किंग वर्षभरात आटतं, आणि कारणं ठरलेली असतात. स्वस्तात मिळालेल्या टाइल्सचे पॅलेट ‘चार दिवसांसाठी’ कडेच्या चौकोनात ठेवले जातात. रिकामे पॅलेट आणि तुटका माल ठेवायला जागाच दाखवलेली नसते. ट्रॉल्या उभ्या करायला दोन चौकोन जातात. नमुन्याचे दरवाजे, पाण्याच्या टाक्या दारासमोर मांडल्या जातात. यासाठी नकाशात सुरुवातीलाच जागा द्या: ट्रॉल्यांसाठी कारच्या दोन चौकोनांइतकी, पॅलेटसाठी यार्डात कोपरा, हंगामी मालासाठी आखलेली पट्टी. पार्किंगच्या आकड्यात ती धरू नका.

कर्मचाऱ्यांच्या गाड्या दारापासून लांब, वेगळ्या ठिकाणी. सगळ्यात आधी तेच येतात, म्हणून ठरवून न दिल्यास सगळ्यात जवळची जागा दिवसभरासाठी त्यांच्याकडे जाते. काउंटरसमोरची एक जागा दिवसाला वीस-पंचवीस ग्राहकांच्या कामी येऊ शकते, तीच एका कर्मचाऱ्याच्या स्कूटरवर खर्च होते.

जमिनीचं कामही इथेच पाहा. ५० किलोच्या २० गोण्या म्हणजे एक टन, आणि २५ टनांचा ट्रक म्हणजे ५०० गोण्या. कारसाठी घातलेले पेव्हर ब्लॉक अशा ट्रकच्या वळणावर महिनाभरात सरकतात, खड्डा पडतो, पाणी साचतं, आणि त्या खड्ड्याला टाळत गाड्या कारच्या रांगेत शिरतात. ट्रकच्या वाटेला आणि भरायच्या जागेला जाड काँक्रीट घाला, बाकी हलकं चालेल. उतार पाणी वाहील एवढाच, १ ते २ टक्के. त्याहून तिरक्या जमिनीवर उचललेल्या पॅलेटसह फोर्कलिफ्ट कलंडण्याचा धोका असतो, आणि ड्रायव्हर तो टाळायला सपाट जागा शोधत गाड्यांच्या वाटेत येतो.

भूखंड पुरत नसेल तर

कपात कुठून सुरू करायची याचा क्रम आहे. पहिली कपात मुक्कामाच्या मिनिटांत करा: फोनवर ऑर्डर घेऊन माल आधी बांधून ठेवणं, भरायच्या गाड्यांचं बिल यार्डाच्या तोंडाशीच करणं. वरच्या उदाहरणात पिकअपचा काउंटरसमोरचा थांबा पूर्ण टळला तर ७ मोठे चौकोन, म्हणजे २४५ चौरस मीटर, वाचतात. बिलाला यार्डात लागणारी दोन-तीन मिनिटं मात्र तिथल्या मुक्कामात मिळवा. दुसरी कपात वेळांत: ट्रक दुपारी, डिलिव्हरीच्या गाड्या आदल्या संध्याकाळी भरून ठेवणं. तिसरी घरपोच विक्री वाढवून, पण तेव्हा स्वतःच्या गाड्या वाढतील हे विसरू नका. चौथी मालात: वाळू-खडी आवारात न ठेवता थेट साइटवर पाठवणं, यामुळे यार्डही लहान होतं आणि जड गाड्यांच्या फेऱ्याही कमी होतात. एवढं करूनही बसत नसेल तर कर्मचाऱ्यांच्या गाड्यांसाठी शेजारची जागा भाड्याने घ्या, तिचा करार दुकानाच्या भाडेकराराइतक्याच मुदतीचा करून.

ट्रकची वळायची जागा आणि गेटसमोरचे १८ मीटर कापू नयेत. प्राधिकरणाला द्यायच्या अहवालात हे दोन्ही मापांसकट दाखवा, सोबत मोजणीचे तक्ते, मुक्कामाचे आकडे, प्रत्येक प्रकाराचं गणित आणि ट्रकच्या चाकांचा वळणमार्ग नकाशावर रेखून जोडा. दुकान सुरू झाल्यावर पहिल्या हंगामात तीच १५ मिनिटांची फेरी पुन्हा मारा. काउंटरसमोरचे चौकोन दर तासाला पूर्ण भरत असतील तर पट्टे वाळायच्या आत नाही, पण पुढच्या रंगाच्या वेळी कारचे तीन चौकोन पुसून पिकअपचे दोन आखता येतात, आणि त्यासाठी कार आणि पिकअपच्या रांगा पहिल्यापासून शेजारी-शेजारी ठेवलेल्या असाव्या लागतात.